न झालेल्या आजारांची नोंद

जो आजार झालाच नाही, त्याची आठवण कोणी ठेवत नाही. ताप उतरला की औषधाला गुण आला असे आपण म्हणतो, मोडलेले हाड जुळले की डॉक्टरांचे आभार मानतो. पण वर्षानुवर्षे नेमाने चालणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा जो झटका आला नाही, तो कोणत्या दिवशी यायचा होता आणि कोणत्या सकाळच्या फेरफटक्याने टळला, हे कोणालाही सांगता येणार नाही. आरोग्य राखणाऱ्या सवयींविषयी विचार करू लागले की मला ही अडचण सर्वांत आधी जाणवते. या सवयींचे फळ दिसत नाही, त्यांची किंमत मात्र रोजच्या रोज मोजावी लागते: साखरझोप मोडून उठायचे, आवडीच्या पदार्थावरून हात मागे घ्यायचा, मित्राने पुढे केलेली सिगारेट नाकारायची.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्ये ही अडचण फार नेमकेपणाने मांडली. ज्या उपायाने संपूर्ण समाजाचे मोठे भले होते, त्याच उपायातून एकेका माणसाच्या पदरात फार थोडे पडते, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. लाखो लोकांनी मीठ थोडे कमी केले तर त्यांतल्या कित्येकांचा पक्षाघात टळेल. पण ज्यांचा टळला त्यांना ते कधीच कळणार नाही, आणि ज्यांना तो तसाही होणार नव्हता त्यांनी अळणी जेवण कशासाठी जेवले, या प्रश्नाला त्यांच्यापुरते उत्तर नाही. आरोग्याचा उपदेश इतक्या लवकर कंटाळवाणा का होतो, याचे कारण मला इथे सापडते. उपदेश करणारा दूरच्या लाभाचे आश्वासन देत राहतो आणि ऐकणाऱ्याला तो लाभ हातात पडताना दिसत नाही. म्हणून माझी श्रद्धा दोनच आधारांवर टिकली आहे. पहिला आधार म्हणजे हजारो माणसांच्या आयुष्याची ज्यांनी चिकाटीने नोंद ठेवली, त्यांचे पुरावे. आणि दुसरा म्हणजे चांगल्या सवयीने शरीरात वीस वर्षांनी नव्हे तर त्याच दिवशी, कधी त्याच तासात, घडणारे बदल.

पुराव्यांची गोष्ट लंडनच्या दुमजली बसमधून सुरू करावी, कारण व्यायामाविषयीचे आजचे ज्ञान बऱ्याच अंशी तिथून निघाले. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी त्या बसगाड्यांवरील चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघेही एकाच गाडीवर काम करणारे, सारख्याच वस्तीतून आलेले. फरक एवढाच की चालक दिवसभर आसनावर बसलेला आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसभर वरच्या मजल्यावर चढणारा आणि उतरणारा. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले तेव्हा दिसले की कंडक्टरांना हृदयरोग कमी होतो, झाला तर उशिरा होतो आणि त्यांच्यात तो चालकांइतका घातकही ठरत नाही. मला मॉरिस यांच्याविषयी अधिक आदर वाटतो तो पुढच्या कामामुळे. मुळातच स्थूल असलेली माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील तर, ही शंका त्यांनी स्वतःच घेतली आणि या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा निघाला, आणि तेही त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याच निष्कर्षाला आव्हान देणारी माहिती शोधून छापणारा संशोधक मला विश्वासार्ह वाटतो. शंका खरी होती, तरी टपाल वाटणारे आणि टपाल कार्यालयात टेबलाशी बसणारे यांच्यातही तसाच फरक आढळला, आणि नंतरच्या दशकांत निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला पुष्टीच दिली. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले. एका माणसाचे आयुष्य हा पुरावा नव्हे, हे त्यांनीच सर्वांत आधी सांगितले असते.

हे वाचल्यापासून मी जिना चढताना शरीराकडे लक्ष देऊ लागले. पहिल्या काही पायऱ्यांत काहीच जाणवत नाही. मग मांडीचे पुढचे मोठे स्नायू ताणलेले कळू लागतात, पोटऱ्यांत ऊब येते, श्वास तोंडाने घ्यावासा वाटतो, आणि पुढच्या मजल्यावर कोणाशी बोलत असू तर वाक्य मध्येच तोडून दम घ्यावा लागतो. त्या एवढ्याशा वेळात शरीरात बरेच काही घडते. हृदय दर मिनिटाला अधिक रक्त पुढे ढकलते, काम करणाऱ्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि आकुंचन पावणाऱ्या स्नायूंच्या पेशी रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता आत ओढून घेऊ लागतात. मधुमेहाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागला आहे, त्यांच्या स्नायूंनाही हा दुसरा मार्ग उपलब्ध असतो, आणि म्हणूनच जेवणानंतर थोडे चालले तर रक्तातली साखर तितकी उसळत नाही. हा लाभ जेवणानंतरच्या तासा-दोन तासांतला आहे. त्यासाठी म्हातारपणाची वाट पाहावी लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, आणि त्याबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. बळाच्या व्यायामाकडे आपण विशेष दुर्लक्ष करतो. वय वाढते तसे स्नायू झिजतात, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे, पाय घसरला तर तोल सावरणे, ही वृद्धापकाळातल्या स्वावलंबनाची कामे या स्नायूंनाच करावी लागतात.

न हलण्याची किंमत किती, हे दाखवणारा एक लहानसा प्रयोग मला नेहमी आठवतो. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. जोराचा व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही त्यांची क्षमता तेवढ्या काळात पाव हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीला पोहोचलेल्या याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी क्षमता हिरावली होती त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने हिरावली होती, असे दिसून आले. पुढे त्यांना सहा महिने बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम दिला, आणि वयामुळे आलेली ती घट भरून निघाली. पाच जणांवरून सर्व मानवजातीविषयी बोलणे धाडसाचे आहे, हे मान्य करूनही मी हा प्रयोग महत्त्वाचा मानते, कारण वयाच्या खाती आपण जे लिहून टाकतो त्यातले पुष्कळसे बसून राहण्याच्या खाती लिहायला हवे, हे तो डोळ्यांसमोर आणून देतो.

झोपेचीही अशीच तातडीची नोंद उपलब्ध आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. तेवढ्याने त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची शक्ती स्पष्टपणे खालावली, आणि ताणाशी निगडित असलेल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी संध्याकाळी, म्हणजे ती उतरायला हवी तेव्हाच, वाढलेली आढळली. पुरेशी झोप मिळाल्यावर गाडी पुन्हा रुळावर आली. जागरण हा कष्टाळूपणाचा दागिना म्हणून मिरवणाऱ्यांबद्दल मला काळजी वाटते ती या कारणाने. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, या शिफारशीमागे आळसाचे समर्थन नाही. ती येण्यासाठी जे करायचे तेही कठीण नाही: उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही सहसा बदलू नये, सकाळचा उजेड डोळ्यांवर येऊ द्यावा, रात्री उजेड मंद करावा, कारण प्रखर प्रकाशात मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक दबून राहते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळचा कप मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतो तो असा. रात्रपाळी करणाऱ्यांना यातले काहीच सहज शक्य नाही, आणि त्यांच्या झोपेची जबाबदारी एकट्या त्यांच्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आहाराविषयी इतके लिहिले जाते की मी थोडक्यात आवरते. दररोज किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या, मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे सपाट भरलेल्या एका लहान चमच्याइतकेही नाही, वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याहून कमी: जागतिक आरोग्य संघटनेच्या या मर्यादा माहीत असल्या तरी पुष्कळ झाले. मिठाचा हिशेब चुकतो तो स्वयंपाकात घातलेल्या मिठापेक्षा पाकिटांतल्या, बाटल्यांतल्या आणि तयार पदार्थांतल्या मिठामुळे, कारण ते आपल्या हातून पडलेले नसते. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सोडियमचा आकडा छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की साधारण मीठ किती ते कळते. हा गुणाकार एकदा अंगवळणी पडला की दुकानातले हात आपोआप वेगळ्या फळीकडे वळतात.

आहाराचा परिणाम दिसायलाही फार थांबावे लागत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या चाचणीत ४५९ प्रौढांनी भाग घेतला होता. त्यांच्यातील एका गटाला फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ भरपूर असलेला आहार दिला. मीठ आणि वजन मुद्दाम तेवढेच राखले. ज्यांचा रक्तदाब आधीपासून वाढलेला होता, त्यांचा वरचा आकडा सरासरी अकरा अंकांहून अधिक उतरला, आणि उतरण्याची सुरुवात पहिल्या दोन आठवड्यांतच दिसली.

रक्तदाबाचा उल्लेख आलाच आहे तर त्याच्याजवळ थोडे थांबते, कारण न दिसणाऱ्या धोक्याचे त्याच्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही, चक्कर आणत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, वयानुसार तो वाढणारच आणि वाढायलाच हवा, असे मानणारे मातब्बर डॉक्टर होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ नोंदवला गेला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाजवळ वैद्य होते, पण त्या आकड्याचा अर्थ आणि त्यावरचा उपाय हे दोन्ही त्या काळच्या वैद्यकाजवळ अपुरे होते. १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकाळ तपासणी सुरू झाली, आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयरोगाशी असलेला संबंध आकड्यांनिशी उभा राहिला तो या माणसांनी पुन्हा पुन्हा येऊन दंडाला पट्टा बांधून घेतल्यामुळे.

हा पट्टा आज घरोघरी आहे, पण घाईने बांधला तर तो खोटे सांगतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे, पाठीला आधार देऊन पाच मिनिटे शांत बसावे, पावले जमिनीवर सपाट ठेवावीत, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. मग यंत्र चालू करावे आणि बोलू नये. पट्टा फुगतो, दंड आवळला जातो, बोटांच्या टोकांशी ठोके जाणवतात, हवा सुटू लागते आणि आकडे उतरत उतरत एका ठिकाणी थांबतात. एका मिनिटाने पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. माझ्या मते ही वहीसुद्धा आरोग्याच्या सवयींतलीच एक मोठी सवय आहे. आकडा पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल तर डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांनी गोळी दिली तर ती नियमाने घेणे हा जीवनशैलीचा पराभव समजू नये.

तंबाखूबद्दल वाद उरलेला नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाची आणि मृत्यूंची नोंद ठेवली. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला तेव्हा धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले असे दिसले. दारू कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले आहे. हात धुणे, लस घेणे, दात घासणे यांना आपण जीवनशैली म्हणत नाही, पण यकृतदाह ब (हिपॅटायटिस बी) ची लस यकृताच्या कर्करोगापासून आणि एचपीव्ही या विषाणूवरची लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देते, हे लक्षात घेतले तर त्यांची जागा व्यायामाच्या शेजारीच आहे.

आता खरा प्रश्न, तो या सवयी टिकवण्याचा. कळते पण वळत नाही, ही तक्रार आपण मनाच्या दुबळेपणावर ढकलतो. मला ते निदान अपुरे वाटते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक साधी कृती निवडायला सांगितली, आणि ती दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून रोज करायची होती. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार ती कृती विचार न करता आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले; कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नव्हते. एकवीस दिवसांत सवय लागते असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी किती जणांना बाविसाव्या दिवशी निराश केले असेल, असा विचार मनात येऊन मला वाईट वाटते. मी स्वतः ज्या सवयी टिकलेल्या पाहिल्या, माझ्या आणि इतरांच्या, त्या सगळ्या कशाला तरी जोडलेल्या होत्या: जेवण झाले की चालायला निघायचे, दात घासले की गोळी घ्यायची, फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायचा. त्यात निश्चय करण्याची वेळच येत नाही. सोबतीचाही मोठा हात असतो. २०१० मध्येच १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, आणि ज्यांचे माणसांशी घट्ट संबंध होते त्यांची अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता दीडपट आढळली. खाली कोणी वाट पाहत उभे असेल तर आपण पायांत जोडे घालतोच.

मात्र एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. या सगळ्या पुराव्यांचा उपयोग आजारी माणसाला दोष देण्यासाठी होऊ नये. आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्यांनाही फुप्फुसाचा कर्करोग होतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह खाण्यापिण्याच्या सवयींमुळे होत नाही. आनुवंशिकता, श्वासातली हवा, कामाचे तास, हातातला पैसा यांतले काहीही आजाऱ्याने निवडलेले नसते. सवयी धोका कमी करतात, शून्य करत नाहीत. खाटेजवळ बसून ‘तुम्ही जरा काळजी घ्यायला हवी होती’ असे म्हणणारा माणूस आरोग्यासाठी काहीही करत नसतो. रोझ यांचा आग्रह होता की एकेकट्या माणसाला सावध करण्याइतकेच ज्या परिस्थितीत सगळे राहतात ती बदलणेही आवश्यक आहे. चालायला सुरक्षित रस्ता नसेल तर चालण्याचा सल्ला पोकळ ठरतो.

आणि आता या वयात काय उपयोग, असे विचारणाऱ्यांसाठी. डॉल यांच्या हिशेबात तिशीत धूम्रपान सोडणाऱ्यांना सुमारे दहा वर्षे परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या चाचणीत ३,२३४ जण होते, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि वजनात सात टक्के घट, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने साडेपाच किलोच्या आसपास कमी करणे, एवढे त्यांच्यातल्या एका गटाचे उद्दिष्ट होते. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. आणि जीवनशैली बदललेल्यांत ज्यांचे वय साठ किंवा त्याहून अधिक होते, त्यांच्यात ही घट ७१ टक्के होती. ज्यांना आधीपासून औषधे चालू आहेत, छातीत दुखते किंवा थोड्या श्रमाने धाप लागते, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे आणि मग सुरुवात करावी. बाकीच्यांना आज रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे चालायला हरकत नाही.